सगळ्यात भारी गिटार रिफ कुठला? बेळगावच्या रविवार कट्ट्याला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीत मी गिटार शिकवतो. रविवारी क्लास नसतो. त्या संध्याकाळी जुने विद्यार्थी, उद्यमबागेतले दोन-तीन फिटर-टर्नर आणि कॅम्पातला एक कीबोर्डवाला जमतात, आम्ही भारी गिटार रिफची यादी करायला बसतो आणि भांडतो. मराठी, कन्नड, कोंकणी सगळं चालतं. भांडण सीमेवरून होत नाही, डीप पर्पलचा गिटारवाला ब्लॅकमोर मोठा की लेड झेपलिनचा पेज यावरून होतं. मग आठवडाभर खानापूर, निपाणी, चिकोडीहून तेच प्रश्न फोनवर येत राहतात. परत परत टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

१. रिफ म्हणजे नेमकं काय हो? आपल्या संगीतातला कुठला शब्द त्याला बसतो?

परत परत येणारी सुरांची छोटी ओळ, जिच्या खांद्यावर अख्खं गाणं उभं असतं, ती रिफ. मुखडा म्हणावं तर मुखड्याला शब्द असतात. ठेका म्हणावं तर ठेक्यात सूर नसतात. सगळ्यात जवळचा शब्द लेहरा. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवाला एकच ओळ तासभर धरून बसतो ना, ती. फरक एवढाच की लेहरा मागं सरकून तबलजीला जागा देतो आणि रिफ पुढं येऊन पाटावर बसते.

कट्ट्यावरची चाचणी साधी आहे. गिटार खाली ठेवा आणि तोंडानं वाजवा. ‘ट्यां ट्यां ट्यांऽ’ एवढ्यावर समोरच्यानं गाणं ओळखलं तर ती रिफ. त्यासाठी शब्द म्हणावे लागले तर ती दुसरं काहीतरी.

(‘रिफ’ तो की ती, हाही प्रश्न येतो. मी ‘ती’ म्हणतो, कारण ओळ. शीर्षकात ‘कुठला’ आहे, कारण तुम्ही सगळे तसंच विचारता.)

२. मग ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ यादीत का नाही? ते तर सगळ्यांना येतं!

येतंच. आपल्याकडं कॉलेजच्या गॅदरिंगला ते वाजल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. पण ईगल्सच्या त्या १९७६च्या गाण्याची सुरुवात म्हणजे कॉर्डमधले (एकदम वाजवायच्या जुडीतले) सूर एकेक करून सोडलेले आहेत आणि शेवटी आहे तो दोन गिटारींचा सोलो. सोलो पुढं पुढं जातो, गोष्ट सांगतो. रिफ जागची हलत नाही. लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीलाही हेच लागू. दोन्ही गाणी थोर आहेत, त्यात वाद नाही. पण लाडूच्या स्पर्धेत कुंदा ठेवला तर परीक्षकानं काय करायचं?

३. काका, मी नवीन आहे. पहिली कुठली शिकू?

‘स्मोक ऑन द वॉटर’. डीप पर्पल, अल्बम ‘मशीन हेड’, १९७२. डी आणि जी या मधल्या दोन तारा एकदम छेडायच्या: ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. शून्य म्हणजे मोकळी तार, बाकी फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांचे, आकडे. जी हा षड्ज धरला तर सरगम अशी: सा ग म, सा ग म म, सा ग म ग सा. ग सगळे कोमल. दुसऱ्या तुकड्यातला पहिला म तीव्र आणि लगेच त्याला लागून शुद्ध. दोन मध्यम शेजारी शेजारी आले की ललत गाणाऱ्यांचे कान टवकारतात. राग अर्थात तो नव्हे.

दोन चुका सगळे करतात. पहिली, पिकनं (तार छेडायच्या चकतीनं) खसाखसा ओढणं. रिची ब्लॅकमोर ही ओळ बोटांनी चिमटतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटतात, म्हणून तो आवाज दगडासारखा घट्ट येतो. दुसरी चूक म्हणजे सगळे सूर सारख्या अंतरावर वाजवणं. काही सूर मात्रेवर पडतात, काही दोन मात्रांच्या मधे. हातानं टाळी देत आधी तोंडानं म्हणा, मग गिटार उचला.

गाण्यातला धूर खरा आहे. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन झाडली आणि अख्खा कॅसिनो जळाला. पर्पलवाले तिथं रेकॉर्डिंगला आले होते. जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला, तोच गाण्यात आला.

४. फिरवाफिरवी नको. जगातली सगळ्यात भारी कुठली, एकच सांगा.

एकच सांगतो, पण आधी एक गाठ सोडवू. तुम्ही ‘भारी’ म्हणता तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी विचारत असता: सगळ्यात प्रसिद्ध कुठली, जिच्यामुळं पुढचं बदललं ती कुठली, आणि ऐकायला-वाजवायला सगळ्यात चांगली कुठली. निम्मी भांडणं यातूनच होतात. एक जण प्रसिद्धीबद्दल बोलत असतो, दुसरा इतिहासाबद्दल, आणि दोघंही टेबल बडवत असतात.

प्रसिद्ध म्हणाल तर वरची ‘स्मोक’. गिटार न शिकलेल्यांचं मत घेतलं तर ‘सेव्हन नेशन आर्मी’ (प्रश्न ७). बदल घडवणारी म्हणाल तर ‘सॅटिस्फॅक्शन’ (प्रश्न ५). चांगली? माझं मत ब्लॅक सॅबथच्या ‘आयर्न मॅन’ला, १९७०. बी हा षड्ज धरा: सा ग ग म म, मग ध प ध प ध प, आणि परत ग ग म म. ग आणि ध कोमल. सुरुवात एवढी संथ की जड यंत्र पहिल्यांदा चालू होतंय असं वाटतं, आणि मधे ध-पची ती धडपड. फाउंड्रीच्या गावात राहणाऱ्याला ही ओळ परकी वाटत नाही.

५. ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तर तीनच सूर आहेत. तिला एवढं डोक्यावर का घेतात?

सूर तीनच, बरोबर. पण १९६५ साली गिटारचा असा आवाज रेडिओवर नवाच होता. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सला ही ओळ झोपेत सुचली आणि त्यानं ती उशाशी असलेल्या टेपवर घेतली. पुढं टेपभर त्याचं घोरणंच होतं, असं तोच सांगतो. स्टुडिओत त्यानं ती माएस्ट्रो कंपनीच्या, आवाज फाटका करणाऱ्या फझ पेटीतून वाजवली. नंतर ट्रंपेट-सॅक्सोफोनवाले ही ओळ वाजवतील, आपण नुसता नमुना टाकून ठेवू, असा त्याचा विचार होता. तो नमुनाच बाजारात गेला आणि पहिल्या नंबरावर बसला. त्याच वर्षी गायक ओटिस रेडिंगनं ते गाणं खरोखर ट्रंपेट-सॅक्सोफोन घेऊन गायलं. लागोपाठ दोन्ही ऐका. रिफ तीच, पण दात फक्त एकीला आहेत.

फाटक्या आवाजाचं श्रेय मात्र एकट्या रिचर्ड्सला देऊ नका. आदल्याच वर्षी किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडला आणि ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. घरी करून बघू नका. एका विद्यार्थ्यानं वडिलांच्या टेपरेकॉर्डरवर हा प्रयोग केला होता. वडिलांशी बोलायला मला जावं लागलं.

६. प्रेसमध्ये बोटाचं टोक गेलंय. आता गिटार सोडून द्यावी का?

हा प्रश्न एकदाच आला, पण इथं ठेवतोय, कारण आपल्याकडं असे हात बरेच आहेत. विचारणारा पंचविशीतला. डावा हात पँटच्या खिशातच ठेवून बोलत होता. बाहेर काढायला अर्धा तास लागला.

त्याला जे सांगितलं तेच सांगतो. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय सतरा. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, शेवटचा दिवस. त्याच दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले विसर. कारखान्यातला वरचा माणूस घरी आला आणि गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड लावून गेला. ऐकवून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोनच बोटांवर वाजवतोय, बाकीची आगीत कामातून गेली.

मग आयोमीनं प्लॅस्टिकची साबणाची बाटली वितळवली, बोटांना बसतील अशा टोप्या घडवल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या हलक्या तारा लावल्या. सॅबथच्या १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बमात काही गाण्यांना तारा दीड स्वर खाली उतरवल्या. तार ढिली झाली, आवाज जड झाला. ज्याला आज हेवी मेटल म्हणतात त्यातला मोठा भाग हा असा कारखान्यात जॉब पकडायला फिक्स्चर बनवावं तसा बनलेला आहे.

आपला हा मित्र दर गुरुवारी येतो. टोपी त्यानं स्वतः लेथवर नायलॉनची फिरवली, तिसऱ्या खेपेला बसली. सध्या सॅबथचंच ‘पॅरानॉइड’ चाललंय. वेग अजून निम्मा आहे.

७. ‘सेव्हन नेशन आर्मी’ बेस गिटारवर वाजलीय ना?

नाही. व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेसवाला नव्हताच. जॅक व्हाइटनं साध्या गिटारचा आवाज व्हॅमी पेडलनं एक सप्तक खाली आणला. गाणं २००३चं. सूर मोजून सात: सा सा ग सा नि ध प, ग-नि-ध कोमल. २००६च्या वर्ल्ड कपपासून फुटबॉलच्या मैदानांवर ही ओळ ‘पो पोपो पो’ करत हजारो लोक गातात. गाण्याचे शब्द त्यातल्या किती जणांना येत असतील देव जाणे. प्रश्न १ची चाचणी यापेक्षा मोठ्या मार्कांनी कुणी पास झालेलं नाही.

८. मग खरोखर बेसवर किंवा कीबोर्डवर वाजलेली ओळ धरायची की नाही?

यादी ‘गिटार रिफ’ची असेल तर बेस धरायचा, कारण बेसही गिटारच. त्यामुळं क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ला जागा आहे. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’लाही. ती सात मात्रांत चालते. रूपकच्या मात्रा तेवढ्याच, पण वजन वेगळं, तबल्यावर रूपक धरून बसलात तर घसराल. आणि गिटारचा सोलो सुरू झाला की तीच मंडळी गुपचूप चारवर येतात.

कीबोर्ड बाद. स्टीव्ही वंडरची ‘सुपरस्टिशन’ क्लॅव्हिनेट या कीबोर्डवरची आहे. कॅम्पातला आमचा कीबोर्डवाला दर रविवारी तिचं नाव पुढं करतो आणि दर रविवारी ते फेटाळलं जातं. आता तो नाव लिहूनच आणतो.

९. ‘काश्मीर’ ऐकताना ताल चुकल्यासारखा वाटतो. कोण चुकतंय, ड्रमवाला की मी?

दोघंही नाही. लेड झेपलिनच्या या १९७५च्या गाण्यात गिटार तीन-तीनचा हिशेब धरते आणि ड्रमवर जॉन बोनम चार-चारचा. तिनाची चार आवर्तनं, चाराची तीन. बारा मात्रांनी दोघं समेवर भेटतात, परत फुटतात. लयकारीची सवय असलेल्या आपल्या तबलेवाल्यांना हे दोन मिनिटांत कळतं, गिटारवाल्यांना दोन महिने लागतात.

वाजवायचं असेल तर तारा आधी डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून घ्या. साध्या लागणीत (ट्यूनिंगमध्ये) ती घुमत नाही. आणि शब्दांत आपलं काश्मीर शोधू नका, ते झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँटला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले.

१०. रिफ कुणाची धरायची, सुचली त्याची की वाजवली त्याची?

सुचली त्याची. पण त्यामुळं धक्के बसतात, तयारी ठेवा. क्रीमच्या ‘सनशाइन ऑफ यूअर लव्ह’ला (१९६७) सगळे गिटारवाल्या क्लॅप्टनची रिफ म्हणतात. ती बेसवाल्या जॅक ब्रूसला सुचली, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा कार्यक्रम ऐकून घरी आल्यावर. झेपलिनची ‘ब्लॅक डॉग’ही पेजची नव्हे, बेसवाल्या जॉन पॉल जोन्सची.

मेटॅलिकाच्या ‘एंटर सँडमॅन’चं (१९९१) प्रकरण जास्त गमतीचं. ओळ गिटारवाल्या कर्क हॅमेटला सुचली. ड्रमवाला लार्स उलरिक म्हणाला, पहिला तुकडा तीनदा वाजव आणि मग शेपूट जोड. सूर एकाचे, मांडणी दुसऱ्याची. ३० ऑक्टोबर २०११ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ते वाजलं तेव्हा आम्ही चौघं तिथं होतो. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून गेलो होतो. परतीच्या गाडीत हाच वाद हुबळीपर्यंत चालला, शेवटी वरच्या बर्थवरच्या आजोबांनी कन्नडमधून गप्प बसवलं.

११. झेपलिनवाले चोर होते म्हणे. खरं का?

काही ठिकाणी खरं, काही ठिकाणी नाही. ‘होल लोटा लव्ह’मधले शब्द ब्लूज गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनच्या गाण्यावरून घेतल्याचा दावा १९८७मध्ये पैसे देऊन मिटवला. तो दावा शब्दांचा होता. रिफ पेजचीच. ‘स्टेअरवे’वरचा दावा मात्र अमेरिकेच्या कोर्टात २०२०मध्ये शेवटी झेपलिनच्या बाजूनं संपला.

सरळ उसनवारी बघायची असेल तर चक बेरीची ‘जॉनी बी. गुड’ (१९५८) ऐका आणि मग लुई जॉर्डनच्या बँडमध्ये कार्ल होगननं १९४६ला वाजवलेली सुरुवात ऐका. सूर जवळजवळ तेच. तरीही १९७७ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली ती बेरीची. बंदिश गुरूकडून येते आणि शिष्याच्या गळ्यात ओळखू येते, हे आपल्याला नवीन नाही. फक्त आपण वकील लावत नाही.

१२. रेकॉर्डिंगबरोबर वाजवलं की बेसूर येतं. ट्यूनर तर बरोबर दाखवतो!

तुमची गिटार सुरात आहे, पण रेकॉर्डवरची वेगळ्या लागणीत आहे. गन्स अँड रोझेसचं ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ (१९८७) घेऊन बसला असाल तर सगळ्या तारा अर्धा स्वर खाली घ्या, लगेच जुळेल. सॅबथच्या नंतरच्या गाण्यांचं कारण प्रश्न ६ मध्ये आलंय.

ही ‘स्वीट चाइल्ड’ त्यांच्या गिटारवाल्या स्लॅशनं सहज चाळा म्हणून वाजवायला घेतलेली. माझ्या मते ती रिफ आहे, कट्ट्यावर चार विरुद्ध तीन मतांनी.

१३. सर, मी दोन वर्षं शिकतो, पण यादीत एकही बाई नाही. असं कसं?

(‘शिकतो’ला हसू नका. विचारणारी मुलगी शहापूरची आहे, आणि आमच्या बेळगावच्या मुली ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात.)

यादी करणारे आमच्यासारखे, हे पहिलं कारण. सिस्टर रोझेटा थार्प १९४०च्या दशकात चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर अशी वाजवायची की पुढं रॉक अँड रोलवाल्यांनी तेच उचललं. तिचं नाव रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये २०१८ला लागलं, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ ४५ वर्षांनी. हार्ट या बँडची ‘बॅराकुडा’ (१९७७) तर घोड्यासारखी दौडते. तिच्या रचनेत नॅन्सी आणि ॲन विल्सन या दोघी बहिणी आहेत. हाच प्रश्न परत विचारायला लागू नये म्हणून ‘बॅराकुडा’ आता क्लासच्या दुसऱ्या वर्षात घातलीय. त्या मुलीचा उजवा हात माझ्यापेक्षा बरा चालतो.

१४. हिंदी-मराठीत रिफ आहेत का?

आहेत की. ‘दम मारो दम’ (१९७१), राहुलदेव बर्मन, आणि गिटार वाजवलीय गायक म्हणून माहीत असलेल्या भूपिंदर सिंगनी. मराठीत ‘झिंगाट’ची सुरुवात घ्या. शब्द यायच्या आधीच मिरवणूक उसळते. गिटारची नाही, त्यामुळं प्रश्न ८च्या नियमानं बाद, पण चाचणीत शंभरपैकी शंभर.

१५. गणपतीत मंडपात वाजवायचंय. ॲम्प नुसता ‘हूंऽऽ’ करतो. काय करू?

अर्थिंग बघा, आधी तेच. मंडपाची लाइन बहुतेक वेळा कुठून तरी ओढलेली असते आणि तिसऱ्या पिनेत अर्थ नसतोच. मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः पिना उपटत बसू नका. लाइटिंगच्या माळांचा डिमर आणि ॲम्प वेगवेगळ्या सॉकेटवर घ्या. गिटारच्या तारेला हात लावल्यावर हूं कमी होत असेल तरी खूश होऊ नका. दुसरा हात माइकला लागला आणि तिथं अर्थिंगचा घोळ असला तर झटका बसतो.

आता एक गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची. खर्जातला जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे तो हूं जीपेक्षा किंचित चढा लागतो. आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’चा षड्ज कुठला? जी. एका वर्षी अनगोळात पोरांना हूं काही केल्या घालवता आला नाही. शेवटी त्यांनी गिटारी ट्यूनरवरून नाही, त्या हूंवरून लावल्या आणि तानपुरा समजून ‘स्मोक’ वाजवली. आरतीला आलेल्या एका काकू म्हणाल्या, “सूर मात्र छान धरलाय हं.”

१६. बेळगावचा निकाल काय लागला मग?

लागलेला नाही. फिटर मंडळी आयोमीच्या मागं घट्ट आहेत, मीही. शहापूरची मुलगी ‘बॅराकुडा’ सोडत नाही. कीबोर्डवाल्याचं तुम्हाला माहीतच आहे.

चहाचे मामा मात्र गेली तीन वर्षं आमची प्रत्येक ओळ ऐकत आलेत. एकाही बँडचं नाव त्यांना माहीत नाही. परवा त्यांना विचारलं, मामा, तुम्हाला कुठलं आवडतं? किटली खाली न ठेवता त्यांनी मान हलवत म्हणून दाखवलं: “डूं डूं डू डूंऽ, डूं डूं डूंऽ… ते न्हवं का, उतरत जातंय बगा.” सा सा नि सा, प म म, सा ग सा. ‘सनशाइन ऑफ यूअर लव्ह’, तीव्र मध्यमासकट. पुढच्या रविवारपासून मामांचं एक मत धरायचं की दोन, यावर आता वाद सुरू आहे.